भारतीय पाणबुडी दल

भारतीय नौदलाची पाण्याखालून लढणारी शाखा. ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातील रिगा बंदरात ‘कलवरी’ ही पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली. म्हणून ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन. १९६९ अखेर तिच्या जोडीला खांदेरी, करंज व कुरसुरा आल्या. कलवरी म्हणजे खोल समुद्रातला शार्क, हे नाव मलयाळममधले. खांदेरी व करंज ही नावे मात्र रायगडच्या किनाऱ्यावरची. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर मुंबईकर इंग्रजांचा विरोध मोडून दुर्ग उभारला, त्याची ही आठवण.

या डिझेल-विद्युत पाणबुड्या होत्या. पाण्याखाली त्या बॅटरीवर चालत. पण बॅटरी भरायला डिझेल इंजिन लावावे लागे आणि इंजिनाला हवा लागे. त्यासाठी वर यावे, निदान हवेची नळी तरी पाण्याबाहेर काढावी लागे, आणि शत्रूला सापडण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक.

१९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ या भारतीय विमानवाहू नौकेच्या शोधात आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी डिसेंबरच्या सुरुवातीला विशाखापट्टणमजवळ बुडाली. भारतीय नौदल याचे श्रेय ‘राजपूत’ या युद्धनौकेला देते. पाकिस्तानच्या मते ती स्वतःच्याच सुरुंगांनी फुटली. ९ डिसेंबरला ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळ ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही.

शांततेच्या काळातली कसोटी गोदीत लागली. मुंबईच्या माझगाव गोदीत जर्मन आराखड्यावर बांधलेली ‘शल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात आली. पण जर्मन सौद्यात दलालीचा आरोप झाला, पुढच्या पाणबुड्या रखडल्या आणि तयार झालेले कुशल हात पांगले. युद्धात न झालेले नुकसान कामात पडलेल्या या खंडाने केले. फ्रेंच आराखड्याची नवी ‘कलवरी’ याच गोदीतून बाहेर पडून नौदलात आली ती थेट १४ डिसेंबर २०१७ रोजी. नवी ‘खांदेरी’ २०१९ मध्ये, ‘करंज’ २०२१ मध्ये आली. निवृत्त नौकेचे नाव नवीला देण्याची नौदलाची रीत आहे.

धोका शांततेतही टळत नाही. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीवर स्फोट होऊन १८ जण मृत्युमुखी पडले.

२००१ मध्ये निवृत्त झालेली ‘कुरसुरा’ आता विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. टॉर्पेडोंच्या शेजारी माणसे कशी झोपत, ते तिथे आत वाकून शिरल्यावर दिसते.