आईला पीसीओडी, मग मुलीलाही?
रक्त तपासायला येण्याआधी वाचा

मुलीला घेऊन आलेल्या आया आमच्या लॅबच्या काउंटरवर हमखास विचारतात, "मलाही पीसीओडी होता. ही पोटात असतानाच तिला लागला का?" प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. (पीसीओडीलाच डॉक्टर पीसीओएस म्हणतात: पाळी आणि संप्रेरकं म्हणजे हार्मोन बिघडवणारा अंडाशयाचा विकार.)

गाभण माकडिणींना आणि मेंढ्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक टोचून पाहिलं, तेव्हा त्यांच्या मादी पिल्लांमध्ये मोठेपणी पीसीओएससारखीच लक्षणं दिसली: बिघडलेलं चक्र, वाढलेली पुरुषी संप्रेरकं, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर. 2018 मध्ये फ्रान्समधल्या लील इथल्या संशोधकांना पीसीओएस असलेल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तात एएमएच (अंडाशयातल्या बीजपुटिकांत, म्हणजे बीज वाढवणाऱ्या बारीक पिशव्यांत, तयार होणारं संप्रेरक) जास्त आढळलं. तेच गाभण उंदरिणींना टोचलं, तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं आणि पिल्लांत तोच दोष उतरला. एरवी आईचं टेस्टोस्टेरॉन वार (प्लासेंटा) वाटेतच इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात बदलते. या उंदरिणींमध्ये ते कामही मंदावलं होतं.

हे झालं प्राण्यांचं. माणसांत नाळेच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासूनही सगळीकडे सारखं उत्तर आलेलं नाही. स्वीडनमध्ये पीसीओएस असलेल्या आयांच्या मुलींना तो होण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे पाचपट दिसलं, पण त्यात आनुवंशिकताही आलीच. म्हणून सासरच्यांनी सुनेच्या गरोदरपणातल्या खाण्यापिण्यावर खापर फोडू नये. मुलीला पुढे पीसीओएस होईल का, हे सांगणारी तपासणी गरोदरपणात नाही. आणि गर्भाचं लिंग सांगणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, ते आम्हाला विचारूच नका.

शाळकरी मुलींबाबत घाई नको. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती मागेपुढे होणारच. पुढची दोन वर्षं 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं. पहिल्या पाळीला 8 वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी किंवा एएमएच करू नये, असं 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या वयात निरोगी मुलींचे आकडेही चढे येतात. तेव्हा "सगळं पॅकेजच करून टाका" म्हणालात, तरी आम्ही आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागू.

मोठ्या बायकांमध्ये तीनपैकी दोन गोष्टी पुरतात: अनियमित पाळी, वाढलेली पुरुषी संप्रेरकं (रक्तात, किंवा हनुवटीवरच्या राठ केसांतून दिसणारी), आणि सोनोग्राफीत भरपूर बीजपुटिका किंवा वाढलेलं एएमएच. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) त्याआधी पाहावं लागतं, कारण पाळी त्यांनीही लांबते.

एलएच, एफएसएच (अंडाशयाला चालना देणारी संप्रेरकं) सांगितलं असेल तर पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी या. पाळी महिनोन्‌महिने आलीच नसेल, तर दिवस डॉक्टरांना विचारून ठरवा. साखरेच्या तपासणीला आठ-दहा तास उपाशी राहायचं आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तास इथेच बसावं लागतं, मिसळ त्यानंतर. सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी असेल तर कामावरून थेट येऊ नका, झोप मोडली की प्रोलॅक्टिनचा आकडा फसवतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर नक्की सांगा. त्यांनी काही हार्मोनचे रिपोर्ट चुकतात, म्हणून किमान दोन दिवस आधी थांबवाव्या लागतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं, पण त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

जुने रिपोर्ट सोबत आणा. एएमएच वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळं येतं, त्यामुळे आधी दुसरीकडे केलं असेल तर दोन आकडे शेजारी ठेवून घाबरण्याआधी आम्हाला विचारा.