लॉग सेटिंग (सर्व्हर व्यवस्थापन)

सर्व्हर सांभाळणाऱ्या ॲप्लिकेशनने आपल्या कामाची कोणती नोंद ठेवायची, किती बारकाईने, कुठे आणि किती दिवस, हे ठरवणारी मांडणी म्हणजे लॉग सेटिंग. ती बहुधा कॉन्फिग फाइलमध्ये असते. काही ॲप्लिकेशन्समध्ये ती पडद्यावरूनही बदलता येते.

नोंद किती गंभीर हे सांगणाऱ्या पातळ्यांची रूढ परिभाषा सिसलॉग या नोंदी लिहिण्या-पाठवण्याच्या पद्धतीतून आली. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेल या ईमेल प्रणालीसोबत सिसलॉग तयार केले. त्याचे सध्याचे प्रमाण, आरएफसी ५४२४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे दस्तऐवज), २००९ सालचे आहे. त्यात ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत आणि आकडा जितका लहान तितका प्रसंग गंभीर: ० इमर्जन्सी, ३ एरर, ४ वॉर्निंग, ६ इन्फो, ७ डीबग. ४ निवडली की ० ते ४ एवढेच लिहिले जाते. संदेशाच्या आरंभी कोनी कंसात २७ दिसले, तर त्याची फोड ३ गुणिले ८ अधिक ३ अशी करायची. पहिला ३ हा नोंद पाठवणाऱ्या विभागाचा (येथे डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम), दुसरा पातळीचा.

दोष शोधताना डीबग चालू करतात आणि पुढे तो बंद करायचा राहून जातो. मग डिस्क तर भरतेच, शिवाय पासवर्ड आणि प्रवेशासाठीची टोकनही साध्या मजकुरात फाइलीत उतरू शकतात.

पातळीवर खल बराच होतो. घोटाळे मात्र रोटेशनमध्ये अधिक. लिनक्सवर लॉगरोटेट हा प्रोग्रॅम ठरावीक मुदतीने किंवा आकाराने जुनी फाइल बाजूला करून नवी सुरू करतो. पण चालू प्रोग्रॅमने जुनी फाइल उघडी धरलेली असते. नाव बदलले तरी तो तिच्यातच लिहीत राहतो, आणि ती पुसली तरी जागा सुटत नाही. अशा वेळी डिस्कवरची वापरलेली जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क भरल्याचे सांगते, फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ या आज्ञेच्या बेरजेत मात्र ती जागा सापडत नाही. म्हणून रोटेशननंतर प्रोग्रॅमला फाइल नव्याने उघडण्याचा इशारा द्यावा लागतो. अनेक सर्व्हर प्रोग्रॅम त्यासाठी ‘सिगहप’ हा सिग्नल ओळखतात. लॉगरोटेटचा ‘कॉपीट्रंकेट’ हा पर्याय नक्कल काढून मूळ फाइल रिकामी करतो. तो सोपा खरा, पण या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी गळू शकतात. सिस्टिमडीचा (लिनक्सवरील सेवा चालवणाऱ्या प्रणालीचा) जर्नल, म्हणजे तिची नोंदवही, आपल्या आकाराला स्वतःच आवर घालतो: डिस्कवर साठवताना त्याची मूळ मर्यादा त्या फाइलप्रणालीच्या १० टक्के, पण ४ जीबीच्या आत असते.

अनेक सर्व्हरांच्या नोंदी जुळवायच्या असतील तर वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहिणे बरे.

रूट, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार मिळवलेला घुसखोर त्या यंत्रावरचे लॉग पुसू शकतो, म्हणून प्रत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवतात. नेटवर्कवरून माहिती पाठवण्याच्या यूडीपी या पद्धतीचे पोर्ट ५१४ ही त्याची जुनी वाट. तिथे पोच मिळत नाही, त्यामुळे हरवलेली ओळ हरवली हेही कळत नाही. टीएलएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीने सुरक्षित केलेल्या सिसलॉगसाठी ६५१४ हे पोर्ट नेमलेले आहे.