चालत चालत शिकलेले चौघे: न्यू ऑर्लिन्सच्या 'मीटर्स'मागची गोष्ट

गेल्या पोळ्याला आमच्या गावात, औसा तालुक्यात, हलगीवाले मामा मारुतीच्या पारामागं तुराट्यांचा जाळ करून हलगी शेकत बसले होते. हवेत ओल असली की कातडं सैल पडतं आणि आवाज बद्द येतो, म्हणून हलगी थोड्या थोड्या वेळानं जाळावर धरावी लागते. धरायची, बोटानं टिचकी मारून बघायची, पुन्हा धरायची. मी शेजारी बसून मोबाईलवर एक जुनी अमेरिकन धून लावली. १९६९ सालची, तीनेक मिनिटांची, एकही शब्द नसलेली 'सिसी स्ट्रट'. मामांनी आधी लक्ष दिलं नाही. मग हातातलं टिपरू आपोआप हलगीच्या कडेवर पडायला लागलं. धून संपल्यावर म्हणाले, "ह्यो वाजिवणारा बसून शिकल्याला न्हाई. चालता चालता शिकलाय."

ही धून जिथली, ते अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर मामांना ठाऊक नाही, आणि अशा तालप्रधान संगीताला म्हणतात तो फंक हा शब्दही त्यांनी कधी ऐकलेला नाही. पण ते बोलले ते अगदी खरं आहे. त्या शहराचा तीनशे वर्षांचा इतिहास उलगडला की याच वाक्यापाशी येऊन पोचतो.

ती धून वाजवणारी मंडळी म्हणजे 'द मीटर्स'. कीबोर्डवर आर्ट नेव्हिल, गिटारवर लिओ नोसेंटेली, बेस गिटारवर जॉर्ज पोर्टर ज्युनियर आणि ड्रमवर जोसेफ मॉडेलिस्ट, ज्याला सगळं जग 'झिगाबू' म्हणून ओळखतं. धून बाजारात आली तेव्हा झिगाबू वीस वर्षांचा होता, पोर्टर एकवीसचा. आर्ट त्यांच्यात वडीलधारा. १९५४ साली, शाळकरी वयात, त्यानं गायलेलं 'मार्डी ग्रा माम्बो' हे गाणं त्या शहरात दर कार्निव्हलला, म्हणजे मार्डी ग्राच्या उत्सवाला, आजही वाजतं. आपल्याकडे गणपतीत किंवा जयंतीत ठरलेली गाणी वाजतात, तसंच.

आता मागं जायला हवं. अमेरिकेतल्या बऱ्याच वसाहतींत गुलामांच्या हातून ढोल काढून घेतले गेले होते. १७३९ साली साउथ कॅरोलायनात गुलामांनी उठाव केला, तेव्हा माणसं गोळा करायला ढोल वाजवले गेले. दुसऱ्या वर्षी तिथं कायदाच झाला आणि ढोल बंद झाले. ढोल म्हणजे निरोप, ढोल म्हणजे जमाव, हे मालकांना चांगलं कळत होतं. न्यू ऑर्लिन्समध्ये गोष्ट थोडी वेगळी घडली. १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवलेलं हे शहर, मधली काही दशकं स्पॅनिशांकडे होतं. इथं गुलामांना रविवारची मोकळीक देण्याची रीत होती, आणि शहराच्या कडेला एका मैदानात ते जमायचे, बाजार भरवायचे, ढोल वाजवायचे, नाचायचे. १८१७ नंतर असं जमायला तेवढीच एक जागा ठरवून देण्यात आली. तीच काँगो स्क्वेअर. शिवाय हैतीच्या क्रांतीतून आधी क्युबात गेलेले नऊ हजारांवर निर्वासित १८०९-१० मध्ये इथं येऊन उतरले. गोरे, मुक्त काळे आणि गुलाम असे तिन्ही त्यांच्यात होते. येताना त्यांनी कॅरिबियन बेटांवरची लय आणली. आठ मात्रांची तीन-तीन-दोन अशी फोड, जी क्युबात ऐकू येते, ती या शहराच्या अंगात भिनली ती अशी.

यादवी युद्धानंतर पितळी वाद्यांचे बँड आले. लष्करी बँडची ती वाद्यं, कर्णे आणि ट्रम्बोन, काळ्या वादकांच्या हाती पडली आणि त्यांचा ताठरपणा गेला. त्याच काळात काळ्या वस्त्यांत मदत मंडळं उभी राहिली. सभासदांनी वर्गणी भरायची, दुखण्याखुपण्याला मंडळानं मदत करायची आणि माणूस गेला तर त्याला नीट पोचवायचं. पोचवायचं म्हणजे बँड लावून. दफनभूमीकडे जाताना संथ, जड चाल आणि माती देऊन परतताना उसळती चाल. मंडळ, घरचे लोक आणि बँड ही झाली मिरवणुकीची मुख्य ओळ. तिच्यामागं रस्त्यावरून जमत जाणारे, रुमाल-छत्र्या उडवत नाचणारे लोक म्हणजे 'सेकंड लाइन', दुसरी ओळ. त्या शहराच्या तालाला आज हेच नाव आहे. ताल ज्या लोकांच्या पायातून आला, त्यांचंच नाव त्याला मिळालं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मामांच्या वाक्याचा अर्थ इथं उलगडतो. मिरवणुकीत एक जण मोठा ढोल पोटावर बांधून चालायचा आणि दुसरा छोटा कर्कश ड्रम गळ्यात अडकवून. दोन माणसं, दोन वाद्यं, चार पाय. मिरवणूक सोडून वादक हॉलमध्ये बसून वाजवू लागले तेव्हा दोघांचं काम एका माणसावर आलं. पायाखाली पेडल लावून मोठा ढोल आणि हातात काड्या घेऊन छोटा ड्रम. हा बदल न्यू ऑर्लिन्ससह अमेरिकेत ठिकठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सुरू झाला. न्यू ऑर्लिन्सच्या ड्रमरांनी मात्र बसल्यावरही चालणं सोडलं नाही. अर्ल पामर या तिथल्याच ड्रमरनं १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनो या गायकाच्या पहिल्या गाजलेल्या रेकॉर्डवर वाजवलं आणि पुढं रॉक अँड रोलचा पाया रचला, त्यातही रस्ता आहे. झिगाबूच्या वाजवण्यात तो सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो. 'सिसी स्ट्रट' नीट ऐका. त्याचे दोन हात एकाच तालात एकत्र चालत नाहीत, प्रश्न-उत्तर करतात. दोन वादक शेजारी-शेजारी चालतायत आणि मध्येच एक जण अर्धं पाऊल मागं राहतो, असं वाटतं.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. संबळ बघा. एक जाड आवाजाचं, एक बारीक आवाजाचं, दोन्ही कमरेला बांधलेली आणि वाजवणारा एकच. तुळजापूरच्या वाटेवर गोंधळी चालत-चालत संबळ वाजवतो तेव्हा जाड बाजू पाऊल सांभाळते आणि बारीक बाजू बोलते. हलगीतही तेच. उजव्या हातातलं टिपरू ठोका देतं, डाव्या हातातली लांब बारीक काडी त्या ठोक्यांच्या मधल्या जागा भरते. बऱ्याचदा ती जागा न भरता नुसती सोडतेही, आणि सोडलेल्या त्या जागेतच नाचणाऱ्याचा पाय पडतो.

फंक म्हणजे नेमकं हेच. सोल संगीत चर्चमधून आलं. देवाला आळवायची गाण्याची रीत तीच राहिली आणि शब्द माणसाच्या प्रेमाचे, दुःखाचे झाले. आपल्याकडे भजनाच्या आणि कव्वालीच्या चालींवर भीमगीतं उभी राहिली. तिथंही चाल देवळातली किंवा दर्ग्यातली होती आणि तीत आशय नवा आला. जेम्स ब्राऊन या गायकानं १९६५ ते ६७ च्या दरम्यान सोल संगीताचा सगळा भार पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, आणून ठेवला. गाण्यातली चाल मागं सरली आणि सगळी वाद्यं ताल वाजवू लागली. गिटारसुद्धा. मीटर्सनी त्यात आपल्या शहराची दुसरी ओळ मिसळली आणि वाद्यं कमी केली. कर्णे नाहीत, गाणारा नाही. चौघंच, आणि त्या चौघांतही एका वेळी एखादा गप्प.

मूळचे ते काही चौघे नव्हते. आर्ट नेव्हिलच्या आधीच्या बँडमध्ये त्याचे भाऊ एरन आणि सिरिल गायचे. एका क्लबात वाजवायचं काम मिळालं तिथं चौघंच राहिले, भाऊ दुसरीकडे गेले. तिथून अ‍ॅलन टूसाँ या संगीतकार-निर्मात्यानं त्यांना आपल्या स्टुडिओत घेतलं. दिवसभर दुसऱ्यांच्या गाण्यांना वाजवायचं आणि मधल्या वेळात स्वतःच्या धुना रेकॉर्ड करायच्या, असा त्यांचा क्रम. ली डॉर्सीची १९७० ची गाणी, डॉक्टर जॉनचं १९७३ मधलं गाजलेलं काम, लाबेल या गायिकांच्या चमूचं १९७५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'लेडी मार्मलेड', या सगळ्यांच्या पाठीमागं मीटर्सचे हात आहेत. ऐकणाऱ्याला गायकाचं नाव कळायचं, वाजवणाऱ्यांचं क्वचितच.

आपल्याकडे याला सुपारी म्हणतात. सुपारी घेतली, वाजवलं, ठरलेले पैसे घेतले, विषय संपला. त्या काळच्या अमेरिकेत स्टुडिओतल्या वादकांचं असंच होतं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत ज्यांनी शेकडो गाणी वाजवली, त्या 'फंक ब्रदर्स'ची नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर यायला १९७१ साल उजाडलं. जेम्स ब्राऊनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड यानं १९६९ मध्ये एका गाण्यात काही सेकंद एकट्यानं वाजवलं. तो तुकडा पुढं हजारावर हिप-हॉप गाण्यांत कापून लावला गेला. त्याचा मोबदला त्याला जवळजवळ मिळालाच नाही. २०१७ मध्ये तो गेला. मीटर्सचे तुकडेही असेच कापून वापरले गेले आणि हक्कांच्या हिशेबावरून या चौघांनाही वर्षानुवर्षं भांडावं लागलं. १९७७ मध्ये बँड मोडला. २०१८ मध्ये त्यांना ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला, तेव्हा मोडून एकेचाळीस वर्षं झाली होती.

आमच्याकडे हलगीवाल्याला पैशाचाच नाही, पंगतीचाही हिशेब सोसावा लागला. ज्याच्या वाजवण्याशिवाय वरात दारातून हलत नव्हती, तो मातंग वस्तीतला माणूस जेवायला शेवटी आणि वेगळा बसायचा. हे मी लहानपणी माझ्या डोळ्यांनी, माझ्याच नात्यातल्या लग्नांत पाहिलंय. न्यू ऑर्लिन्समध्येही काळा वादक मंचावर चालायचा, पण समोरच्या खुर्चीत बसायला त्याला बंदी होती. दोन्हीकडची वेदना एकच आहे असं मी म्हणणार नाही, जातीचा इतिहास वेगळा आणि वर्णाचा वेगळा. पण हे नातं आपल्या लोकांनी फार पूर्वी ओळखलं होतं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्या अमेरिकेचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये दलित पँथरनं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. आणि आमच्या लातूरचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी काळ्या अमेरिकनांचं साहित्य आयुष्यभर अभ्यासलं आणि मराठी वाचकापर्यंत आणलं. विचार आले, कविता आल्या. संगीत मात्र त्या वाटेनं आलं नाही. ते आलं ते सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत लपून, राहुलदेव बर्मन यांच्या गिटार आणि बेसमधून, आणि ती गाणी लग्नाच्या बँडनं नांदेड-परभणीच्या रस्त्यांवर वाजवली. वाजवणाऱ्यांना त्याचं मूळ कुणी सांगितलं नाही.

इथं एक गंमतीची गोष्ट सांगतो. जयंतीच्या मिरवणुकीत आपण ज्याला बेंजो म्हणतो, ते टाइपरायटरसारखी बटणं दाबायचं तारवाद्य म्हणजे बुलबुलतरंग. त्याचं मूळ १९१२ च्या सुमारास जपानमधल्या नागोयात तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. अमेरिकेतला बँजो वेगळाच. आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांनी भोपळा आणि कातड्यापासून केलेल्या वाद्यातून तो घडला. वाद्यं दोन, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण नाव एकच, आणि दोन्ही शेवटी रस्त्यावर.

मीटर्सच्या कामातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते १९७६ चं. नेव्हिल भावांचा मामा जॉर्ज लँड्री हा मार्डी ग्रा इंडियन टोळीचा प्रमुख होता, लोक त्याला 'बिग चीफ जॉली' म्हणायचे. हे काळे लोक वर्षभर हातानं मणी आणि पिसं शिवून अमेरिकेतल्या मूळनिवासी इंडियनांसारखे पोशाख तयार करतात आणि कार्निव्हलला डफासारखी वाद्यं वाजवत वस्तीतून निघतात. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची, आपल्या गोंधळासारखंच. भाच्यांनी मामाला स्टुडिओत आणलं, मागं मीटर्स बसले आणि रस्त्यावरचं ते गाणं रेकॉर्ड झालं. त्याच कामातून पुढं 'नेव्हिल ब्रदर्स' हा बँड उभा राहिला.

२९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ आलं. बंधारे फुटले, शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. टूसाँचं घर गेलं, स्टुडिओ गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या भागातल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लिओ नोसेंटेलीनं १९७१ मध्ये एकट्यानं, स्वतःच्या आवाजात काही गाणी रेकॉर्ड केली होती. त्या टेप पुरात गेल्या असंच सगळे धरून चालले होते. मग काही वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या सामानाच्या बाजारात एका संग्राहकानं टेपचे खोके विकत घेतले, आणि त्यांत ती गाणी निघाली. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गाताना नोसेंटेली पंचविशीत होता, रेकॉर्ड हातात आली तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा.

ही गोष्ट मी मामांना सांगितली तेव्हा बैल सजून पाराला येत होते आणि हलगी चांगली तापली होती. मी विचारलं, तुम्ही कुणाच्या मागं चालत शिकलात? त्यांनी टिपरू मांडीवर ठेवलं आणि बोटं मोडत एकेक नाव घेतलं. बापाचं, चुलत्याचं, शेजारच्या गावच्या एका सनईवाल्याचं. चौथं बोट धरून ते बराच वेळ थांबले, मग म्हणाले, "त्येला आम्ही नुसतं उस्ताद म्हणायचो. नाव काय हुतं, कुणी इचारलंच न्हाई."