इंजिन बदललेल्या जुन्या गाडीचा रेडिएटर

१९३२ ची फोर्ड समोरून पाहिली की तिची उभी, उंच, अरुंद जाळी आधी नजरेत भरते. जगात सगळ्यात जास्त इंजिनं बदलली गेलेल्या गाड्यांपैकी ही एक. तिच्यात नवं इंजिन बसवणाऱ्याला रेडिएटर, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी हवेने थंड करणारा भाग, मात्र त्या जुन्या जाळीमागच्या जागेतच बसवावा लागतो. ती जागा अशी का आहे, हे समजलं की निवडीतली निम्मी अडचण समजते.

सुरुवातीला गाडीला रेडिएटर नव्हताच. कार्ल बेंझच्या १८८६ च्या मोटारीत सिलिंडरभोवतालचं पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. भर उन्हात घाटात गाडी कडेला घेऊन कॅनने पाणी ओतलेल्या माणसाला त्यांचे हाल वेगळे सांगायला नकोत. खरा फरक पडला तो १९०० च्या अखेरीस. विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर दिला: ६ बाय ६ मिलिमीटरच्या ८,०७० नळ्या एकत्र झाळलेल्या. हवा नळ्यांतून, पाणी नळ्यांमधल्या फटींतून. हवा लागणारा पृष्ठभाग वाढवला की थोडं पाणीही पुरतं, हे त्याने दाखवून दिलं. आजचा प्रत्येक रेडिएटर त्याच हिशेबावर चालतो.

फोर्डच्या मॉडेल टी मध्ये अगदी पहिल्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याला पंप नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरायचं आणि पुन्हा इंजिनात जायचं. त्यासाठी रेडिएटरची वरची टाकी उंचावर आणि नळ्या उभ्याच हव्यात. पुढे पंप आले, तरी ती उभी ठेवण गाडीच्या चेहऱ्यात मुरून गेली.

१९३२ मध्ये फोर्डने ३.६ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडर व्ही आकारात मांडलेलं इंजिन) स्वस्त गाडीत आणलं. या इंजिनाची एक खोड होती. एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या कप्प्यांमधून बाहेर निघत. जो जाळ बाहेर जायचा, तोच आधी पाणी तापवायचा. शिवाय दोन्ही बाजूंना वेगवेगळे पंप, म्हणून रेडिएटरला वर दोन आणि खाली दोन तोंडं.

१९५५ च्या मॉडेलांसोबत शेवरलेचं ४.३ लिटरचं लहान ठेवणीचं व्ही-८ आलं आणि हौशी मंडळींनी ते जुन्या फोर्डांत घालायला सुरुवात केली. मूळ १९३२ चं इंजिन ६५ अश्वशक्तीचं, हे साध्या रूपातही १६२ चं. यात पंप एक, वरचं तोंड एक, खालचं एक. चार तोंडांचा जुना रेडिएटर इथे जुळेना, दोन तोंडं बुजवा नाहीतर टाक्या नव्या करा. इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यात उतरते, म्हणजे ताकद वाढली की उष्णताही वाढणार, आणि जाळीमागची रुंदी तर तेवढीच. मग लोकांनी कोअर, म्हणजे रेडिएटरमधला नळ्यांचा गठ्ठा, जाड केला. नळ्यांच्या दोन रांगांच्या तीन केल्या, तिनाच्या चार. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया गेले आणि अजूनही जातात. मागच्या रांगेला पुढच्या रांगांनी तापवलेली हवा मिळते आणि जाड कोअरमधून हवा ओढायला पंखाही दमतो.

१९६० च्या दशकात बॉनेट खाली आली तशा टाक्या दोन्ही बाजूंना गेल्या आणि पाणी आडवं वाहू लागलं. नंतर तांब्या-पितळेची जागा ॲल्युमिनियमने घेतली. तांबं उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी चांगली वाहून नेतं, हे खरं. पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, त्यामुळे दोन रुंद रांगा चार अरुंद रांगांचं काम करतात. मात्र त्यात बोअरचं पाणी भरून चालत नाही, कूलंट हवंच.

रेडिएटरच्या झाकणाचा इतिहासही महत्त्वाचा. १९३२ च्या फोर्डला दाबाचं झाकण नव्हतं, पाणी १०० अंशांना उकळायचं, महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ लाच. १५ पाउंड दाबाच्या कॅपने (झाकणाने) ते साधारण १२० पर्यंत टिकतं. पण जुन्या झाळलेल्या टाकीवर अशी कॅप लावली की सांधे उघडतात.

शेवरलेच्या १९९७ च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारपासून आलेल्या एलएस नावाच्या व्ही-८ इंजिनांनी प्रश्न पुन्हा बदलला. यांच्या बहुतेक पंपांची दोन्ही तोंडं एकाच बाजूला असतात, म्हणून पाणी एकदा जाऊन परत येईल असा दुहेरी फेरीचा रेडिएटर सोयीचा पडतो. हेडमधली (सिलिंडरवरच्या झाकणासारख्या भागातली) वाफ काढणारी बारीक नळीही रेडिएटरला किंवा उंचावरच्या टाकीला जोडावीच लागते. ती बुजवली की हेडमध्ये हवा कोंडते, आणि मग कितीही मोठा रेडिएटर आणा, उपयोग शून्य.

आपल्याकडे हीच कहाणी विलीज जिपांत घडली. मूळचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन काढून कित्येकांनी डिझेल बसवलं. एका मित्राची अशी जीप पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या घाटात दर वेळी उकळायची. रेडिएटरवाल्याने डाक सोडवून टाकी उघडली, नळ्यांतून रॉड फिरवला, पातळ चिखलासारखा गंज निघाला. तरी पुढच्या खेपेला काटा पुन्हा लालकडे. शेवटी बॉनेट उघडून नीट पाहिलं, तर नव्या इंजिनाचा पंखा कोअरच्या मध्यापासून चार बोटं खाली होता. पात्यांचा खालचा भाग टाकीसमोरच फिरत होता आणि वरच्या पट्ट्याला वारा नव्हता. कोअर तोच ठेवून मागे चारी बाजूंनी पत्र्याचं कव्हर करून घेतलं, म्हणजे पंखा ओढेल ती हवा सगळ्या कोअरमधून यावी. त्यानंतर ती जीप घाट न थांबता चढते.