कच्चा खुराक : कुंडा, धार आणि विस्तव

बेळगावच्या जिमांत अधूनमधून एक टूम निघते. काही शिजवायचं नाही, सगळं कच्चं खायचं आणि त्यावरच अंग कमवायचं. मोडाचे मूग, भिजवलेले शेंगदाणे, बदाम, केळी, गाजरं. घरातली जुनी माणसं हे ऐकून म्हणतात, "ह्यात नवीन काय? आमचे पैलवान काका हेच खायचे." ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी तालमीत जावं लागतं.

या पट्ट्याला कुस्तीचं वेड कोल्हापूरकडून आलं, तसं ते दक्षिणेकडूनही भेटलं. कानडीत तालमीला गरडी म्हणतात, आणि दोन्हींतली लाल माती सारखीच. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि पट्टीच्या पोरानं कोल्हापूरच्या तालमीत राहायचं ही वाट पडून गेली. 1956 मध्ये राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. पैलवानाची वाट मात्र त्यानं मोडली नाही. पाव्हण्या तालमीत मुक्काम, आणि खुराकाचा खर्च गावाकडून.

खुराक हा शब्दच बघा. जेवण वेगळं, खुराक वेगळा. पहाटे जोर-बैठका आणि लढती झाल्या की थंडाई. रात्री भिजत घातलेले बदाम सोलायचे, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडा घालायचा आणि दगडी कुंड्यात सोट्यानं घोटत बसायचं. चांगलं लोण्यासारखं होईपर्यंत. घाई केली की वस्तादाची शिवी. त्याबरोबर भिजवलेले हरभरे आणि गूळ, आणि ज्याच्या दारात म्हैस त्याला धारोष्ण दूध, म्हणजे आचळातून थेट भांड्यात आणि भांड्यातून पोटात. गूळ सोडला तर यातलं काहीही विस्तवावर चढत नाही. जुन्या माणसांची आठवण इथवर बरोबर.

पण दुपारी तोच पैलवान भाकरीवर तूप ओतून घ्यायचा, आणि मटण मिळेल त्या दिवशी मटणाचा रस्सा. कच्चा खुराक हा शिजलेल्या जेवणावरचा भर होता, त्याची जागा घेणारा नव्हता. आजची टूम नेमकी तो भर उचलते आणि जेवण सोडून देते.

सगळं कच्चंच खावं, हा विचार तालमीतून आलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकमध्ये डॉक्टर बिर्चर-बेनर आपल्या रुग्णांना कच्ची फळं आणि भाज्या देत होते. आज दुकानात मिळणारं म्युसली त्यांचंच. त्यांचा हेतू आजार बरे करण्याचा होता, दंड फुगवण्याचा नव्हे. आपल्याकडे हा प्रयोग सगळ्यांत गाजला तो गांधीजींचा, आणि त्यात बेळगावकराला जरा आपुलकी वाटावी असं काही आहे. ज्या एकाच काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले ते डिसेंबर 1924 चं, बेळगावातलं. कच्च्या अन्नाचा नाद त्यांना त्याच्याही आधीपासून होता. 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी तो करून बघितला आणि थोड्याच दिवसांत सोडला. 1929 मध्ये पुन्हा धरला: मोडाचे गहू, वाटलेले बदाम, कच्चा पाला, लिंबू, मध. पोट बिघडलं, आव पडली, आणि शेवटी शेळीच्या दुधाकडे परत यावं लागलं. स्वतःची फजिती त्यांनी लपवली नाही, आपल्या 'यंग इंडिया' साप्ताहिकातून लोकांपुढे मांडली. ही टूम पसरवणाऱ्या आजच्या व्हिडिओवाल्यांकडून मला एवढीच अपेक्षा आहे.

हिशेब करून बघू. अंग कमवणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, असं आजचं शास्त्र सांगतं. 70 किलोच्या पोराला म्हणजे 112 ग्रॅम. कोरड्या मुगात शंभराला साधारण 24 ग्रॅम, म्हणजे एकट्या मुगावर भागवायचं तर दिवसाला पावशेर नव्हे, जवळजवळ अर्धा किलो कोरडे मूग. मोड आले की ते फुगून किलोच्या वर जातात. खाऊन बघा! बदामांवर भागवायचं तर तेही अर्धा किलोच्या वर, आणि ते तीन हजार कॅलरी घेऊन येतात, बऱ्याचशा तेलाच्याच. याउलट म्हशीच्या एका लिटर दुधात 35 ग्रॅमच्या वर प्रथिनं, शिवाय साय. तालमीच्या कच्च्या खुराकाची खरी ताकद बदामापेक्षा गोठ्यात होती.

कच्च्या डाळी-कडधान्यांत प्रथिनं पचवणाऱ्या रसांना अडवणारी द्रव्यंही असतात. भिजवून, मोड आणून ती कमी होतात. शिजवल्यावर बरीचशी जातात. चैत्रातली आंबेडाळ आपण कच्चीच खातो, पण ती भिजवून, वाटून, आणि वाटीभरच. राजमा मात्र कच्चा अजिबात नको, त्यानं उलट्या-जुलाब होतात. कुंड्याचंही असंच. अख्खा बदाम चावून खाल्ला तर त्याच्या पेशींत अडकलेलं बरंच तेल न पचताच बाहेर पडतं. घोटल्यावर पेशी फुटतात. विस्तव करतो त्यातलं थोडं काम तिथं सोटा करत होता, आणि वस्तादाला ते जिभेवरून कळत होतं.

अंड्यांची गोष्ट तर सरळ मोजलेली आहे. 1998 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी दाखवलं की शिजलेल्या अंड्यातली सुमारे 91 टक्के प्रथिनं पचतात, कच्च्यातली जेमतेम 51. दुधात चार कच्ची अंडी फोडून पिणारा गडी दोनच अंड्यांचं घेत होता.

धारोष्ण दुधाचं मात्र वेगळं. पचायला ते तापवलेल्या दुधापेक्षा काही जास्त देत नाही. जनावराला ब्रुसेला या जंतूची लागण किंवा क्षय असेल तर तो रोग त्याच भांड्यातून येतो. ब्रुसेलाचा ताप आठवडेच्या आठवडे चढतो-उतरतो आणि सांधे धरतो. गोठा स्वतःचा असला, म्हैस डोळ्यांसमोर वाढलेली असली, तरी तिच्याकडे बघून हे कळत नाही. थंडाईत दूध तापवून गार केलेलं घातलं तर चवीत फरक पडतो, हे खरं. वस्ताद नाक मुरडेल.