कटिर मोडल्यावर तीन महिने निजूनच राहावे लागते का?

नारळाच्या झाडावरून पडून किंवा मुंबई-गोवा महामार्गावरील अपघातात कटिर मोडलेल्या माणसाला तीन महिने हलवू नये, हाड आपोआप सांधते, हा समज कोकणात अजूनही आढळतो. तो घातक आहे. कटिर म्हणजे ओटीपोटाभोवतीचे हाडांचे कडे. ते तुटून उघडले की बाहेर काहीही न दिसता आत लिटरभराहून अधिक रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून चोळणे, लेप लावणे टाळून, कमरेवर नव्हे तर दोन्ही खुब्यांच्या पातळीवर चादर घट्ट आवळावी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. लघवीच्या छिद्राशी रक्त दिसल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगावे, कारण मूत्रमार्गाला इजा झालेली असू शकते.

अस्थिर कडे प्लेट व स्क्रूने बसवल्यावर, प्रकृती साथ देत असल्यास, रुग्णाला बहुधा काही दिवसांतच उठवून बसवतात. दुखावलेल्या बाजूच्या पायावर पूर्ण भार मात्र साधारण ६ ते १२ आठवडे देऊ देत नाहीत. रुग्णाला हलू न देण्यामागची घरच्यांची माया खरीच असते, पण निव्वळ पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि अशी गुठळी फुप्फुसात पोहोचल्यास जीवही जाऊ शकतो. कडे स्थिर असेल तर अनेकदा शस्त्रक्रियाही लागत नाही. वेदना आटोक्यात आणून डॉक्टरच रुग्णाला कुबड्यांवर किंवा वॉकरवर लवकर चालवतात.