पोस्ट अडलंय की बूट?

सुटे भाग आणून पहिला कम्प्युटर स्वतः जोडणाऱ्याच्या छातीत धडधड होते ती पॉवरचं बटण दाबताना. पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मॉनिटर काळाच राहतो. किंवा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटते आणि गाडी तिथेच थांबते. दोन्ही वेळी तोंडून एकच वाक्य निघतं, ‘कम्प्युटर चालू होत नाहीये.’ पण या दोन तक्रारी पूर्ण वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या न ओळखल्यामुळे कुणी धडधाकट रॅम परत करतं, तर कुणी केबल सैल असताना विंडोजचा पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा बनवत बसतं.

बटण दाबल्यावर आधी होतं ते पोस्ट, म्हणजे पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट. मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच साठवलेला प्रोग्राम, असतो. त्याला सगळे सवयीने बायोस म्हणतात, पण आजच्या बोर्डांवर असतं ते त्याच्या जागी आलेलं यूईएफआय. हे फर्मवेअर प्रोसेसर जागा करतं, रॅम ओळखून तिचा वेग ठरवतं, ग्राफिक्स सुरू करतं आणि काय काय जोडलंय ते तपासतं. या टप्प्याशी विंडोजचा किंवा लिनक्सचा काडीचाही संबंध नाही. मशीनमध्ये एकही ड्राइव्ह नसला तरी पोस्ट पार पडतं.

बूट त्याच्यानंतरचं. तपासणी संपली की फर्मवेअर ड्राइव्हवर ऑपरेटिंग सिस्टिमचा लोडर, म्हणजे ती सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, शोधतं. यूईएफआयमध्ये हा लोडर ड्राइव्हच्या एका छोट्या, फॅट३२ पद्धतीच्या भागात (पार्टिशनवर) ठेवलेली साधी फाइल असते. ती सापडली की कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती जातो.

दोन्हींमधली सीमा डोळ्यांना दिसते. मदरबोर्डचा लोगो आला, किंवा डिलीट अथवा एफ२ दाबून सेटअपचा, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग्जचा, पडदा उघडला, की पोस्ट पार झालं. म्हणूनच नव्या मशीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ असं दिसलं तर घाबरण्यापेक्षा सुटकेचा श्वास सोडावा. ही ओळ पडद्यावर उमटायला प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि मॉनिटर हे सगळं चालावं लागतं. कोऱ्या ड्राइव्हवर लोडर नाही, एवढंच ती सांगते, आणि तो अजून नसणारच.

पोस्ट अडलं असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार मनातून काढून टाका आणि हात केबल्सकडे वळवा. मदरबोर्डला दोन ठिकाणी वीज लागते: २४ पिनांची मोठी केबल आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची. ही दुसरी विसरली की पंखे फिरतात, पण बाकी काही हलत नाही. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबलही दिसायला तशीच असते, पण ती ६ आणि २ अशी सुटते, तर प्रोसेसरची बहुतेक वेळा ४ आणि ४ अशी. एक दुसरीच्या जागी कधीही जबरदस्तीने बसवू नका. दोन्हींची जोडणी वेगळी असते.

मग रॅम. चार खाचांच्या बोर्डावर दोन कांड्या साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात, आणि कांडी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावी लागते. नवखे लोक इथे हात आखडता घेतात. त्यानंतर मॉनिटरची केबल: ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर ती कार्डालाच लावायची, मदरबोर्डला नाही. इंटेलच्या नावात शेवटी नुसता एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतंच. तिथे मदरबोर्डला केबल लावून काळ्या पडद्याखेरीज काही मिळणार नाही.

डीडीआर५ रॅम असेल तर आणखी एक गोष्ट जिवाला घोर लावते. पहिल्या वेळी फर्मवेअर रॅमशी जुळवून घेतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. हे काही मिनिटं चालू शकतं. दर अर्ध्या मिनिटाने बटण दाबून मशीन बंद केलं तर ते दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं काहीही न करता थांबावं.

बऱ्याच बोर्डांवर चार छोटे दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट. जो पेटून राहतो, तिथे काम अडलंय. पहिल्या तिघांपैकी एक पेटलेला राहिला तर प्रश्न पोस्टचा. फक्त बूटचा राहिला तर कोऱ्या ड्राइव्हच्या मशीनवर ते अपेक्षितच आहे.

सीपीयूचा दिवा पेटून राहिला आणि प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल, तर फर्मवेअर जुनं असण्याची शंका घ्या. एएमडीच्या बी४५० बोर्डांचं हेच व्हायचं: बोर्ड २०१८चे, रायझन ५००० मालिका २०२०ची, सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) तोच, पण जुन्या फर्मवेअरला तो प्रोसेसर ओळखताच येत नसे. सॉकेट जुळला म्हणजे काम झालं असं समजू नये. खरेदीआधी बोर्डाच्या कंपनीने दिलेली प्रोसेसरची यादी बघावी. काही बोर्डांवर प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून फर्मवेअर नवं करायची सोय असते. पहिल्या बांधणीसाठी असा बोर्ड निवडावा.

बूटच्या अडचणी यापेक्षा सौम्य असतात, कारण तिथे निदान पडद्यावर काहीतरी दिसतं. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नावापुढे ‘यूईएफआय’ लावून आणि एकदा तसाच. यूईएफआयवालाच निवडा. दुसरा जुन्या पद्धतीने बूट होतो, आणि मग ड्राइव्हवरच्या भागांची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची असेल तर विंडोज तिथे बसायला नकार देतं. ड्राइव्ह खराब नसतो, फक्त दार चुकलेलं असतं.

विंडोज ११चंही तसंच. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) नाही असं सांगून इन्स्टॉलर थांबला की अनेकांना वाटतं, वेगळा भाग विकत आणावा लागणार. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ही सोय असतेच, फक्त सेटअपमध्ये सुरू करावी लागते. इंटेलकडे तिचं नाव पीटीटी, एएमडीकडे एफटीपीएम.

काही तक्रारी मात्र सीमेवर बसतात, आणि खरा वेळ त्याच खातात. ड्राइव्ह सेटअपमध्ये दिसतो, पण विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये यादी रिकामी. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल मशीनवर हे व्हीएमडी नावाच्या सेटिंगमुळे होऊ शकतं. ते बंद करा किंवा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर देऊन लोड करा. उलट ड्राइव्ह सेटअपमध्येच दिसत नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला दोष देण्यात अर्थ नाही. एम.२ आकाराचा ड्राइव्ह साटा पद्धतीचा आणि खाच फक्त एनव्हीएमईची, असं झालंय का ते बघा. आकार सारखा असला तरी बोलण्याची भाषा वेगळी असते.

सगळ्यात फसवं प्रकरण म्हणजे पोस्ट झालं, बूट झालं, आणि मग मशीन मधेच कोसळतंय. दर वेळी वेगळ्या नावाची निळी स्क्रीन येते, इन्स्टॉलर फाइल खराब असल्याचं सांगून थांबतो, आणि माणूस विंडोज पुन्हा टाकतो. पोस्टमधली रॅमची तपासणी वरवरची असते. ती पार झाली म्हणजे रॅम निर्दोष असं नाही. दर वेळी चूक वेगळी दिसत असेल तर माझी पहिली शंका रॅमवर जाते. आधी एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा. हे प्रोफाइल रॅमला जास्त वेगाने चालवतं, आणि तो वेग प्रत्येक प्रोसेसर व बोर्डाला झेपतोच असं नाही. ते बंद करून मशीन स्थिर झालं, तर कांड्या बहुधा ठीक आहेत, वेग थोडा खाली ठेवा.

तरीही कोसळत असेल तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा. ते ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालतं, त्यामुळे विंडोजचा संशय आपोआप गळून पडतो. पूर्ण तपासणीला काही तास लागतात. रात्री लावून ठेवावी. चुका दिसल्या तर एकेक कांडी त्याच खाचेत लावून पुन्हा तपासा. एकाच कांडीवर चुका येत असतील तर ती बदलून घ्या. दोन्ही कांड्यांवर येत असतील तर खाच बदलून बघा, आणि तरीही त्या हटल्या नाहीत तर प्रोसेसर काढून सॉकेटमध्ये पिन वाकलीय का ते भरपूर उजेडात तपासा.